महागडा साधेपणा

आधी चहा घ्या, मग सांगतो. हसायचं तर मोकळेपणानं हसा, पण बाहेर कुठं बोलू नका. माणसाची फजिती दुसऱ्यानं केली तर त्याला दोष तरी देता येतो. माझी मी स्वतः केली, तीही स्वतःच्या खर्चानं!

मी मूळचा मोताळ्याचा, तीस वर्षं झाली पुण्यात आहे. एका कंपनीत बऱ्यापैकी मोठ्या हुद्द्यावर आहे. आता पुण्यात माणसाकडे चार पैसे आले की तो काय करतो, माहीत आहे? गरिबासारखा राहायला लागतो. आणि त्याला फार खर्च येतो हो! शाळेत असताना डब्यात भाकरी असली की मी डबा मांडीवर झाकून खायचो, पोळीवाल्या पोरांना दिसू नये म्हणून. तीच भाकरी आता मी दर रविवारी हॉटेलच्या रांगेत उभा राहून खातो, आणि वर वाढणाऱ्याला विचारतो, "ज्वारी गावरानच आहे ना?"

साखर सोडली. दूध सोडलं. टेरिकॉट तर अंगाला लागलं तरी मला खाज सुटते. कपडे फक्त लिननचे, तेही मळकट मातीच्या रंगाचे, कारण त्यात रसायन नसतं म्हणे. शर्टाची किंमत बायकोलासुद्धा सांगितलेली नाही. दाढी तीन दिवसांची. ती रोज तीन दिवसांचीच दिसावी म्हणून मी आठवड्याला सलूनमध्ये तासभर बसतो!

तर झालं काय, शोभाताईचा फोन आला. शोभाताई म्हणजे माझी मोठी बहीण, मोताळ्यातच दिली आहे. तिचा मुलगा अक्षय शेती पाहतो, शिवाय ठिबकच्या सामानाचं दुकान आहे. पोरगा सोन्यासारखा. पण शेती करणाऱ्या पोराला आजकाल मुलगी कोण देतं? चार ठिकाणांहून नकार आला होता. आता सुलतानपूरची एक मुलगी होती, प्रणाली. औषधांच्या दुकानात काम करणारी, शिकलेली. अक्षयला फोटो पाहूनच आवडली होती आणि दोघांचं फोनवर बोलणंही झालं होतं. राहिलं होतं ते तिच्या बापाचं मन.

"दिलीप, तुले याच लागते," ताई म्हणाली. "त्या लोकायले वाटू दे, पोराचा मामा पुण्याले मोठा साहेब हाय म्हणून. आमच्याकडं दाखवाले तूच एक हायस बाप्पा!"

म्हणजे बघा, मला नेत होते ते शोभेसाठी. माझं काम एवढंच, की बसायचं आणि श्रीमंत दिसायचं.

मी आदल्या दिवशी मोताळ्याला पोचलो. सकाळी तयार होऊन बाहेर आलो तर ताईचा चेहराच पडला.

"काऊन रे, इस्त्री नव्हती का घरात?"

"ताई, हे लिनन आहे. याले इस्त्री करत नसतात."

"मंग असंच बोळा करून घालतात?"

"असंच. जितकं चुरगळलं, तितकं भारी."

ताईनं कपाळावर हात मारला. भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, कडक पांढऱ्या बुशशर्टात शांतपणे उभे होते. ते फार बोलत नाहीत. पंचवीस वर्षं मी त्यांना चहातली साखर, डबल रिफाइंड तेल आणि टेरिकॉटचे दुष्परिणाम यांवर व्याख्यानं देत आलो आणि ते "हाव, हाव" म्हणत आले. त्यांनी आत जाऊन त्यांचा एक इस्त्रीचा शर्ट आणला आणि न बोलता माझ्यापुढं धरला. मी त्यांना टेरिकॉटवर पुन्हा एकदा सगळं समजावून सांगितलं. ते "हाव, हाव" म्हणाले आणि शर्ट परत ठेवून आले.

गाडीत मला मानानं पुढं बसवलं. बुलढाणा, चिखली करत मेहकर येईपर्यंत माझ्या शर्टाची पार चिंधी झाली होती. अक्षय मागून हळूच म्हणाला, "मामा, रुमाल तरी टाका खांद्यावर." मी हसलो. म्हटलं, पोराला अजून जगाची जाण नाही.

सुलतानपूरला मुलीचे वडील, रामभाऊ, दारातच उभे होते. पांढराशुभ्र कडक सदरा, बोटात अंगठी. त्यांनी सगळ्यांना रामराम केला. माझ्यापाशी आल्यावर त्यांची नजर दाढीवरून शर्टावर आणि शर्टावरून माझ्या बिनपॉलिशच्या चपलांवर गेली. मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "पाव्हणे, घरात काही... सुतक-बितक?"

"छे छे! मी असाच असतो," मी म्हणालो. शुद्ध पुणेरीत बरं का, छाप पडावी म्हणून.

आत सोफ्यावर बसलो. चहा आला, दुधाचा, घट्ट. पाहुण्याच्या चहात साखर कमी पडली तर मान कमी पडला, अशी आपल्याकडची रीत. तुम्हाला माहीत आहे, मलाही माहीत होती. पण जीभ कुठं गप्प बसते?

"मला कोरा चालेल. बिनसाखरेचा."

"शुगर हाय का तुमाले?"

"मुळीच नाही. घरीही असाच पितो. दूध, साखर आम्ही घरात आणतच नाही."

रामभाऊंनी भाऊजींकडं पाहिलं. भाऊजींनी छताकडं पाहिलं.

"गाडी कोणती हाय पुण्यात?" रामभाऊंनी विषय बदलला. बिचाऱ्यांना वाटलं, यात तरी माणूस सुखी असेल.

"होती. विकून टाकली. आता सायकलवर जातो."

"आन् घर?"

"मोठं होतं, ते सोडलं. लहान घेतलं. सामान अर्धं वाटून टाकलं, टीव्हीसुद्धा काढला. हलकं वाटतं हो!" मी छाती काढून सांगितलं.

पडद्यामागं बांगड्या वाजल्या. कुणीतरी "मायबाई!" म्हणालं. मला वाटलं, माझा साधेपणा घरातल्या बायकांपर्यंत पोचला. पोचला होताच, पण कसा ते मला ठाऊक नव्हतं.

"घरच्या बाई नाही आल्या?" हा प्रश्न रामभाऊंच्या आईचा, आजींचा. त्या आता पडद्याबाहेर येऊन माझ्यासमोरच बसल्या होत्या.

"ती मैत्रिणींबरोबर केरळला गेली आहे. महिनाभर तरी येत नाही. मी अडवत नाही कुणाला."

"गेली म्हणा की," आजी पुटपुटल्या.

ताई मला कोपरानं ढोसत होती. मला वाटलं, सरकून बसायला सांगतेय. मी सरकलो.

मुलगी आली. साधी, धीट, बोलायला मोकळी. अक्षयचा चेहरा असा उजळला, की माझंसुद्धा मन भरून आलं. मी ठरवलं, या पोरासाठी आज आपण जिंकायचंच. आणि जेवायला बसलो.

काय पंगत होती! पुऱ्या, बासुंदी, पनीर, भजी, मसालेभात. ताटात बोट ठेवायला जागा नाही. सकाळपासून राबल्या होत्या त्या बायका. मी ताटाकडं पाहिलं आणि अत्यंत नम्रपणे म्हणालो, "हे एवढं नको. घरात भाकरी असेल का? शिळी असली तरी चालेल. शिळीच चांगली!"

अहो, शिळ्या भाकरीनं पोट चांगलं राहतं, असं मला आमच्या आहारतज्ज्ञ बाईंनी सांगितलं होतं. फी घेऊन! पण सुलतानपुरात ते कुणाला माहीत?

पंगत थांबली. आजी उठल्या, आत गेल्या आणि शिळी ज्वारीची भाकरी, ठेचा, कांदा घेऊन आल्या. मी तुटून पडलो. खोटं कशाला बोलू, अशी भाकरी पुण्यातल्या कुठल्याच रांगेत मिळत नाही. ठेचा बोटानं पुसून चाटला.

"किती दिवसांनी मिळाली!" मी म्हणालो.

आजींनी पदर डोळ्याला लावला. "रोज जेवतोस ना रे बाबा दोन टाइम?"

"नाही आजी, एकच वेळ. बाकी बावीस-तेवीस तास पाण्यावर. आता सवय झाली."

यानंतर मला तिथं कुणी काही विचारलं नाही. नुसतं वाढत राहिले. मी नको म्हटलं की आजी म्हणायच्या, "लाजू नको, घरचंच हाय." अक्षय मान खाली घालून पुऱ्यांचे तुकडे करत होता. एकही तोंडात जात नव्हता.

निघताना आम्हा पुरुषांना टॉवेल-टोपी दिली. मला टॉवेल-टोपीबरोबर एक पिशवीही. तिच्यात ज्वारीचं पीठ, डाळ आणि डब्यात बासुंदी. मी म्हटलं, वा, पुण्याच्या साहेबाचा खास मान! तेवढ्यात रामभाऊंनी मला बाजूला घेतलं आणि खांद्यावर हात ठेवला.

"मामा, मन खचू देऊ नका. दिवस येतात, जातात. मेहकरले मह्या साडूचं गोडाऊन हाय. बसून राखण कराचं काम हाय. राहाले खोली, जेवण घरचं. सांगा, बोलू का?"

आत्ता डोक्यात प्रकाश पडला! चहा, गाडी, घर, बायको, भाकरी, सगळं एका ओळीत डोळ्यांपुढून गेलं. माझ्या कानशिलांना आग लागली.

"अहो रामभाऊ, गैरसमज होतोय! मी कंपनीत व्हाइस प्रेसिडेंट आहे! माझ्या हाताखाली दोनशे माणसं आहेत! हा शर्ट, हा शर्ट मुद्दाम असा आहे! आणि शिळी भाकरी मी पैसे देऊन खातो!"

रामभाऊंनी माझ्याकडं ज्या मायेनं पाहिलं, ती आठवली की अजून घाम फुटतो. ते पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "हाव, हाव. असाल ना, काहून नसाल?" मग अक्षयला हाक मारून हळूच सांगितलं, "जावा घेऊन. गाडीत खिडकी बंद ठेवजा."

परतीच्या वाटेवर ताईनं मेहकर ते चिखली माझा उद्धार केला. चिखलीला ती दमली आणि रडायला लागली. "चार जागी तुह्यामुळं नाही तुटलं रे, ही पाचवी तुह्यामुळं तुटली." अक्षय नुसता बाहेर बघत होता. त्यानं मला चार शिव्या दिल्या असत्या तरी बरं वाटलं असतं. खरं सांगतो, त्या दिवशी मला माझी मनापासून लाज वाटली. मी एवढी वर्षं भाकरी खात होतो ती भुकेसाठी नाही, लोकांनी बघावं म्हणून. शाळेत लपवून खायचो, आता दाखवून खात होतो. आणि त्यापायी या पोराचं घर बसता बसता राहिलं.

तिसऱ्या दिवशी ताईचा फोन. उचलायची हिंमत होईना. उचलला तर ती हसतेय की रडतेय तेच कळेना.

"दिलीप, होकार आला!"

"काय सांगतेस? माझ्याबद्दल सगळं कळलं त्यांना?"

"नाही रे बाबा! तुह्यामुळंच आला. रामभाऊ म्हणाले, आम्ही जमीन पाह्यली नाही, दुकान पाह्यलं नाही, फक्त माणसं पाह्यली. असा डोक्यानं सरकलेला, कफल्लक मामा तुम्ही लपवून नाही ठेवला. गाडीत पुढं बसवून आणला, पंगतीत शेजारी बसवला. जे घर अशा माणसाले सांभाळते, ते आमच्या पोरीले काय कमी करंन?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"पण ताई, आता त्यांना खरं सांगायला..."

"खबरदार! लग्न होईपर्यंत तोंड उघडशील तर माह्याशी गाठ हाय!"

आता इथं तुम्ही म्हणाल, गप्प बसायचं होतं. पण माणसाला इज्जत असते की नाही? तोंड उघडायचं नाही ना? नाही उघडणार. साखरपुड्याला मी गुळगुळीत दाढी करून गेलो. अंगात नवा कोट, पायात चकचकीत बूट, शेजारी बायको, तीही भरजरी साडीत. म्हटलं, न बोलता दाखवतो यांना, मी कोण आहे ते! सुलतानपूरच्या मांडवात शिरलो तेव्हा लोक वळून वळून बघत होते. दुधाचा चहा मागितला, दोन चमचे साखर जास्त घालून घेतली आणि सगळ्यांसमोर फुरके मारत प्यालो.

आजी लगबगीनं आल्या. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. माझ्या बायकोच्या गालांवरून हात फिरवून म्हणाल्या, "बरं केलं माय, परत आलीस." बायको माझ्याकडं बघायला लागली. मी चहाकडं.

मग आजी थेट भाऊजींकडं गेल्या आणि त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. डोळे भरलेले.

"पाव्हणे, लय पुण्य लागंन तुमाले. कपडे घेऊन दिले, बायको आणून दिली. पार माणसात आणलं तुमी त्याले!"

मी आशेनं भाऊजींकडं पाहिलं. आता तरी हा माणूस खरं बोलेल. भाऊजींनी माझ्याकडं एक नजर टाकली, आजींपुढं हात जोडले आणि पंचवीस वर्षांत पहिल्यांदा "हाव, हाव" सोडून दोन पूर्ण वाक्यं बोलले.

"आपलाच माणूस हाय, आजी. टाकून थोडाच देता येते?"