न पाहिलेलं बाळ

जे पाहिलंच नव्हतं, ते पाहिल्याचं मी सांगितलं. हा अपराध मी वर्षानुवर्षे लपवला. गेल्या महिन्यात गरोदर मुलीच्या सोनोग्राफीच्या वेळी पोटावर लावायच्या जेलचा वास आला आणि मी सोनोग्राफी करायला गेलो होतो ते कुरखेड्याकडचं आरोग्य शिबिर आठवलं. हातात उचलून नेता येणाऱ्या नव्या सोनोग्राफी यंत्राची बॅटरी मी उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांना त्यांचीच हृदयं दाखवण्यात संपवली होती. मग दिवस भरत आलेली एक बाई धानाच्या बांधांवरून चालत आली. पडदा काळा असूनही मी तिच्या पोटावर यंत्र फिरवलं. "भाऊ, लेकरू बरं हाये ना?" "हो, छान आहे." ती हसली, "मंग दवाखान्यात काऊन जाऊ?" ती दवाखान्यात गेलीच नाही; बाळंतपणात घरीच अडली. बाळ आडवं होतं, वाचलं नाही. परवा तिच्या अंगणात उभा राहून मी म्हणालो, "बाई, त्या दिवशी मला काहीच दिसलं नव्हतं. मी खोटं बोललो. मला क्षमा करा."