सेतुभावजींचे कान

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही, देवासमोर उभी राहूनही नाही. आमच्या घरात सगळे मराठी बोलतात, पण ही लिपी आता माझ्याशिवाय कुणाला वाचता येत नाही. तमिळमध्ये लिहिलं असतं तर कुणाच्या तरी हाती लागलं असतं. म्हणजे सांगतानाही मी लपूनच सांगते आहे — असू दे. थकवा आलाय आता.

सेतुभावजी माझे थोरले दीर. तंजावूरला राजवाड्यामागच्या गल्लीत आमचं घर, आणि पुढच्या खोलीत त्यांचा व्हिडिओचा धंदा. लग्नं, मुंजी घ्यायचे, पण जीव होता गाण्यात. कुठे कच्चेरी, म्हणजे गाण्याची मैफल, असली की कुणी बोलावलेलं नसलं तरी कॅमेरा घेऊन जायचे. स्वतः गात नसत. तंबोरा किंचित उतरला तरी सगळ्यांत आधी मान वळायची ती त्यांची. गाणं संपल्यावर गवई त्यांच्याकडे बघत, ठीक झालं ना म्हणून. त्यांनी लग्न केलं नाही. सासूबाईंचं म्हातारपणी डोकं गेलं, पोटची मुलं ओळखेनात — त्यांचं न्हाणं-खाणं सगळं भावजींनीच केलं. हे लक्षात ठेवा. मी विसरले नव्हते, तरीही —

घरोघरी केबल टीव्ही आला, आणि लोकांना आपलं लग्नही टीव्हीसारखं दिसायला हवं झालं. तोवर टेपा जोडायला, नावं घालायला त्रिचीला पाठवत. मामंजींनी पापनाशमच्या शेतातलं भात विकून पैसे दिले, म्हणाले, घरीच कॉम्प्युटर घ्या. तयार मशीन परवडणारं नव्हतं. चेन्नईहून एकेक भाग निवडून आणायचा आणि जोडून घ्यायचं ठरलं. निवडणार कोण? मी. लग्नाआधी मी कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला होता ना! खरं सांगू? त्या डिप्लोमात टाइप करायला आणि हिशेब मांडायला शिकवलं होतं. कॉम्प्युटरचं पोट मी कधी उघडून पाहिलं नव्हतं. पण सून होऊन आल्यापासून त्या घरात पहिल्यांदाच कुणी मला काही विचारत होतं. मला येत नाही, असं म्हणता आलं नसतं का? आलं असतं.

दुकानात सगळं घेऊन झालं, आणि उरल्या पैशांत दोहोंतलं एकच बसत होतं — चांगलं कॅप्चर कार्ड, म्हणजे टेपवरचं चित्र आणि आवाज एकत्र मशीनमध्ये उतरवणारं, नाहीतर मोठा मॉनिटर. दुकानदार म्हणाला, आधी कार्ड बघा. भावजींनीही विचारलं, "आवाजाचं काय गे मालती? आवाज नीट यायला हवा." मी हसले. ते कॉम्प्युटर आपोआप सांभाळतो, म्हटलं. आणि मोठा मॉनिटर घेतला. का? रस्त्यावरून येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल म्हणून. बाकी काही कारण नाही. कार्ड घेतलं ते स्वस्तातलं, नुसतं चित्र घेणारं. आवाज वेगळ्या वायरीतून आत जायचा.

पहिलंच लग्न उतरवलं. सुरुवात छान. मंगळसूत्राच्या वेळेपर्यंत आलो आणि भावजींनी थांबवलं. तविलच्या ढोलावर काठी आधी पडते, नाद मागून येतो, म्हणाले. मला काही दिसलं नाही. पुन्हा लावलं, तेव्हाही नाही. तोवर मी खोटं बोलत नव्हते — तेवढंच माझ्या बाजूने. मग कोपऱ्यावरच्या बूथमधून मी चेन्नईला फोन केला. दुकानदार म्हणाला, त्या कार्डात चित्र आणि आवाज आपापल्या चालीने धावतात, टेप लांबली की अंतर पडतं. लहान लहान तुकड्यांनी उतरवा, काही होणार नाही. इतकं सोपं होतं.

बूथ ते घर चार पावलं. घरी येऊन मी म्हटलं, मशीन ठीक आहे म्हणतो तो. एवढ्यावर थांबले असते तर? नाही थांबले. "भावजी, एकदा कान दाखवून घ्या," म्हटलं. अगदी मायेने म्हटलं.

ते गेले डॉक्टरकडे. परत आले ते सरळ स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभे राहिले, आणि हळूच म्हणाले, "कान स्वच्छ आहेत म्हणतो. मग डोक्यातच असेल गे. आईसारखं."

मी सांबाराला फोडणी घालत होते. घालत राहिले.

एके दिवशी ते बाहेर गेलेले असताना मी ती टेप तुकड्यांनी पुन्हा उतरवली. अपराध धुऊन टाकायचा होता की नुसतं काम निभवायचं होतं — मला आजही ठरवता येत नाही. संध्याकाळी त्यांना दाखवली. डोळे न हलवता त्यांनी सगळी पाहिली. आता जुळतं आहे, काय केलंस, म्हणून विचारलं. दार उघडं होतं. नुसतं आत जायचं होतं. मी म्हटलं, काही नाही केलं, तीच आहे.

 ते म्हणाले, "म्हणजे चुकतंय की बरोबर आहे, हेच मज कळेना झालं."

त्यांनी कॅमेरा विकला. मामंजींनी खूप समजावलं, कुणाचं ऐकलं नाही. पगारी कॅमेरामन ठेवून धंदा मी चालवला, आणि तो चांगला चालला. सून हुशार निघाली, असं गल्लीत म्हणत. भावजी कच्चेरीला जायचे, पण मागे बसायचे. मान हलवण्याआधी शेजारच्याचं तोंड बघायचे. मी पाहिलं आहे ते. एकदा नाही, वर्षानुवर्षं.

मुलगी व्हायोलिन शिकू लागली तेव्हा एकदा त्यांच्यापुढे जाऊन बसली, सूर लागला का बघा म्हणून. त्यांनी वाजवू दिलं. ऐकताना कपाळावर एक आठी उमटली, लगेच पुसली. मग तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "आईला विचार. तिला कळतं."

मला सुरातलं काहीच कळत नाही. मी म्हटलं, बरोबर आहे.

डोकं त्यांचं कधीच गेलं नाही. शेवटच्या दिवसापर्यंत प्रत्येकाला नावाने हाक मारत होते, आणि रोज सकाळी उठून आधी मला विचारायचे, मी काल काही वेडंवाकडं बोललो नाही ना. मी म्हणायचे, नाही. एवढंच म्हणायचे.