परडीतली तार

आमच्या मंडळीत रडायला परवानगी होती, फक्त उपकारस्तुतीच्या सुरात रडावं लागे. मिरजेजवळच्या आमच्या लहानशा चर्चमध्ये कुणाचा बैल मेला, तर तो माणूस उभा राहून गाय वाचल्याबद्दल प्रभूचे आभार मानी. देवाशी बोलताना सगळ्यांची जीभ एकदम शुद्ध व्हायची, मामलेदाराला अर्ज लिहिल्यासारखी. देवाला आपली घरची बोली कळत नसणार, अशी माझी खात्रीच होती.

लढाईत माझा भाऊ पलटणीबरोबर परमुलखात गेला आणि एक दिवस तार आली. तो पडला होता. वडील आधीच गेलेले, घरात उरलो आई आणि मी. चर्चचे पाळकसाहेब तातडीनं आले. "देवाच्या योजनेला नावं ठेवू नका," म्हणाले. त्यांनी चहा घेतला, योजना नीट समजावली आणि सायकलवरून गेले.

आईनं नावं ठेवली नाहीत. तिनं फक्त जेवणाआधीची प्रार्थना बंद केली. आम्ही मुकाट्यानं भाकरी मोडायचो. मला त्या गप्प बसण्याची फार भीती वाटे. भाऊ गेलाच होता, आता आईचा देवही गेला तर आमचं कसं व्हायचं, हे मला कळत नव्हतं.

सुगी संपली की आमच्याकडे कापणीचा सण असे. वर्षभरात घरात जे आलं, त्यातलं थोडं परडीत घालून, फडक्यानं झाकून वेदीपुढं ठेवायचं. उपासनेनंतर त्याचा लिलाव व्हायचा. त्या वर्षी आई धुवट लुगडं नेसली, परडी घेतली आणि निघाली. देवाशी तिचं जमलं म्हणायचं, असं वाटून मी खूश झाले.

लिलाव करणाऱ्या पंचांना फडकं काढण्याआधीच मालाची तारीफ करायची खोड होती. दोन भोपळे आणि एक कोंबडी खपल्यावर त्यांनी आमची परडी उचलली.

"देवाची देणगी, आन् लय ताजी," म्हणत त्यांनी फडकं ओढलं.

आत तार होती.

"बाई, हे चुकून आलं काय?" पंच हळूच म्हणाले.

"न्हाई. या साली माज्या घरात हेच आलं. जे आलं ते त्याच्यापुढं ठेवायचं, तुमीच सांगता न्हवं?"

पाळकसाहेब पुढं आले. "पण बाई, हा उपकार मानायचा दिवस."

"आवं, उपकार मानाया न्हाई आले मी. मला त्याचा लय राग आलाय. त्यो त्याला सांगाया आले."

पाळकसाहेबांची प्रार्थना एरवी अर्धा तास चाले. त्या दिवशी ती चार वाक्यांत आटोपली. पंचांनी परडी झाकली आणि घाईघाईनं वांग्यांकडे वळले. मी लाजेनं मान खाली घातली होती. त्या लाजेची मला आज लाज वाटते.

घरी आल्यावर आईनं ताटं वाढली आणि किती दिवसांनी प्रार्थनेला डोळे मिटले.

"का नेलंस रं त्याला?" तिनं सुरुवात केली. "ल्हानपणी तापानं फणफणला तवा ऐकलंस. आता कान कुठं ठेवलं हुतंस?" मग ती रडली, भांडली, पुन्हा रडली. एकही शब्द शुद्ध नव्हता. आमटी गार झाली.

ती जरा थांबली तशी मी सवयीनं "आमेन" म्हणाले.

"थांब," डोळे न उघडता आई म्हणाली, "माजं त्याच्यासंगं अजून संपलं न्हाई."