बोटीच्या लिफ्टसाठी बबनमामांना चिखलात उतरवलं

मंडळी, आज सकाळचीच गोष्ट.

चिखलीत माझं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. आमच्या मंडळाने विसर्जनासाठी बोट घेतली. ती ठेवायची जागा म्हणजे नदीलगतचा कालवा. पाणी गुडघाभर, खाली नुसता गाळ. बोट पाण्यातून उचलून ठेवायला मी गाळात उभी करायची चार पायांची लिफ्ट बनवली, वर्कशॉपच्या काँक्रीटवर लेव्हल लावून.

आज मंडळाच्या पोरांसोबत ती कालव्याच्या धक्क्यावर नेली. म्हातारे नावाडी बबनमामा बघून म्हणाले, "खाली भुईच न्हाई, राव. हिचं पाय रुतत्याल. बोट वरनं टांगा."

चारचौघांत कोणी मला शिकवलेलं खपत नाही. मी म्हणालो, "मग उतरून दाखवा ना मामा, किती रुततंय ते."

सत्तरीचा माणूस धोतर खोचून उतरला. तिसऱ्या पावलाला कमरेपर्यंत गेला. सगळे हसले, व्हिडिओ काढले. मीही हसलो. हात देऊनही निघेनात, तेव्हा काठावरच्या वडाच्या फांदीला चेनपुली टांगली आणि पट्टा बांधून त्यांना वर ओढलं.

ते अधांतरी लटकत असतानाच मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, "अरे, बोटीलाही हेच चालेल की."

मी म्हणालो, "तेच सांगणार होतो."

वरून टांगायच्या लिफ्टचं नवं कामही मलाच मिळालं. मामा तसेच चिखलाने माखलेले घरी चालत गेले. पाय धुवायला तांब्याभर पाणीसुद्धा कोणी दिलं नाही.

मंडळाच्या ग्रुपवर माझ्या डोक्याचं कौतुक चाललंय. तुम्ही माझ्या जागी असता तर तिथे खरं लिहिलं असतं का?

मी इथे लिहितोय. मामांकडे मोबाइल नाही.