टीव्हीची पाठ बघणारे काका

गिऱ्हाईक टीव्हीचं तोंड बघतं. शूटिंगवाले काका मात्र दर टीव्हीच्या पाठीमागे जाऊन वाकत होते.

"काका, चित्र पुढून दिसतं हो!" विक्रेता हसला.

"चित्राचं नंतर बघू. पिवळं, लाल, पांढरं, ही तीन भोकं कशाला आहेत ते दाखव."

लेक वैतागली होती. "बाबा, तिसरं दुकान हे. त्या जुनाट व्हीसीआरपायी टीव्ही निवडायचा? भंगारात द्या की तो!"

काकांनी पिशवीतला व्हीसीआर पोटाशी धरला.

उभं आयुष्य काकांनी लोकांची लग्नं शूट केली. दिवा धरायला बायको. तापलेला हॅलोजन डोक्यावर उचलून ती कॅमेऱ्यामागे उभी राहायची, हात भरून यायचे, तोंड मात्र चालूच. घरी आल्यावर काका तिचा आवाज पुसून वर सनई चढवायचे आणि मूळ शूटिंगची कच्ची टेप पुढच्या लग्नाला वापरायचे. टेप वाया घालवायची नाही, हा त्यांचा खाक्या.

गेल्या वर्षी ती गेली. फोटो ढीगभर, आवाज कुठेच नाही. मग माळ्यावर एक कच्ची टेप सापडली. त्या लग्नातली दोन्ही घरं आठवड्यातच भांडली, कॅसेट न्यायला कुणी फिरकलं नाही, म्हणून तशीच राहिलेली. काकांनी ती एकदाच लावली आणि घरच्या टीव्हीनं मान टाकली. लेकीला ते बोलले नाहीत. सांगण्यासारखं नव्हतं ते, ऐकवण्यासारखं होतं.

"कोपऱ्यातल्या त्या छोट्याला आहेत तिन्ही," विक्रेता म्हणाला. "पण काका, मोठा घ्या. कन्व्हर्टर लावून देतो."

"आधी छोट्याला लाव."

व्हीसीआरच्या पिना बसल्या, काकांनी टेप आत सरकवली. पडद्यावर फिकट माणसं हलू लागली. शेजारचं गिऱ्हाईक खिदळलं, "काय ते कपडे!"

तेवढ्यात चौकटीबाहेरून खणखणीत आवाज आला: "अहो मावशी, सरका जरा, उजेड अडतोय! आणि तुम्ही हो, नवरीकडे बघा, जेवणाकडे काय बघताय!"

लेकीच्या हातातली पर्स खाली पडली. तिनं पडद्यावर शोधलं, डावीकडे, उजवीकडे.

"आई कुठंय?"

"दिसायची नाही. दिवा धरलाय ना तिनं."

विक्रेत्याला काही कळलं नव्हतं. "आता मोठ्यावर लावू? आवाज बघा कसा घुमतो!"

काकांनी घाईनं बटण दाबून टेप बाहेर काढली. "नको बाबा. दर वेळी थोडी झिजते."

लेक त्या विझलेल्या पडद्यासमोरून हलली नाही. तिथूनच नाक ओढत विक्रेत्याला म्हणाली, "हाच बांधा. आणि जपून हो दादा, मागची बाजू सांभाळा."