सहा महिन्यांची वाफ

माझ्या सासऱ्यांनी उभ्या आयुष्यात सिगरेटचं पाकीट विकत घेतलं नव्हतं. हे ते अभिमानाने सांगत. पाकीट घेतो तो सिगरेट ओढणारा. आपण एकेक सुटी घेतो, टपरीवर उभ्याउभ्या ओढतो, वर बडीशेप खातो आणि घरी येतो, असं त्यांचं तत्त्वज्ञान होतं. पाटबंधारे खात्यात इंजिनियर म्हणून नोकरी झाली होती, त्यामुळे धरणातून पाणी किती सोडायचं आणि दिवसाला धूर किती आत घ्यायचा, दोन्ही आपल्याच हातात आहे असं त्यांना वाटे. फुप्फुसांना हे कोणी सांगितलं नव्हतं. सासूबाई गेल्या त्या वर्षी पुण्यातल्या छातीच्या डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता बजावलं की सिगरेट सुटली नाही तर लवकरच घरात ऑक्सिजनचं सिलिंडर आणून ठेवावं लागेल.

नवऱ्याने लगेच तिकीट काढलं. बाबा, म्हणजे माझे सासरे, एप्रिलमध्ये आमच्याकडे इंग्लंडात स्लाऊला आले, व्हिजिटर व्हिसावर, सहा महिन्यांसाठी. इथे टपरी नाही, म्हणजे सवय आपोआप सुटेल, अशी नवऱ्याची भाबडी आशा. तो स्वतः कधी ओढत नाही, त्यामुळे त्याला असल्या आशा परवडतात.

पहिल्याच आठवड्यात बाबा एकटे फिरायला गेले आणि कोपऱ्यावरच्या दुकानात त्यांनी एक सिगरेट मागितली. एकच. दुकानदार पंजाबी होता, हिंदी बोलत होता, तेव्हा भाषेची अडचण नव्हती. "अंकल, लूज नहीं बेच सकते, इल्लीगल है," तो म्हणाला. त्याने काउंटरमागच्या बंद कपाटाचं दार सरकवलं आणि मळकट हिरव्या रंगाचं, कुजलेल्या फुप्फुसाचा फोटो छापलेलं वीस सिगरेटींचं पाकीट पुढे ठेवलं. बाबांनी ते घेतलं. रिकाम्या हाताने परतायला संकोच वाटला, असं त्यांनी मला नंतर सांगितलं.

आता गंमत बघा. सुटी विकायला बंदी आहे ती लोकांनी कमी ओढावं म्हणून. आमच्याकडे उलट झालं. पुण्यात प्रत्येक सिगरेटसाठी चप्पल घालून, जिना उतरून, रस्ता ओलांडून जावं लागे. इथे अख्खं पाकीट कोटाच्या खिशात. ते दिवसभर हाक मारायचं. मेच्या सुरुवातीला बाबा पुण्यातल्यापेक्षा जास्त ओढत होते आणि वरच्या मजल्यावर जाताना जिन्यात मध्येच थांबून भिंतीला हात टेकत होते. मी स्वयंपाकघरातून तो थांबा ऐकायची.

आमच्या मागच्या बागेत एक लाकडी शेड आहे. त्यात लॉनमोवर, रंगाचे अर्धवट डबे आणि एक मोडकी खुर्ची. माझं व्हेपिंग, म्हणजे बॅटरीच्या नळीतून निकोटिनची वाफ ओढणं, तिथे चालायचं. पुण्यात कॉल सेंटरला होते तेव्हा मला सिगरेट लागली. इथे आल्यावर कौन्सिलच्या क्लिनिकमधल्या नर्सने हातात व्हेप दिला आणि सिगरेट सुटली. सरकारी क्लिनिकमध्ये, हसतमुखाने, "वेल डन यू" म्हणत. नवऱ्याला हे माहीत होतं. सासरी कोणालाही नव्हतं. एका दुपारी मी ऑफिसचा कॉल संपवून खुर्चीत बसून मस्त आंब्याची वाफ सोडत होते, तेवढ्यात दार उघडलं आणि दारात बाबा. ओठांत सिगरेट, हातात काडेपेटी.

सून आणि सासरा अशा अवस्थेत समोरासमोर आल्यावर काय करायचं, हे आम्हाला कोणी शिकवलेलं नाही. मी उभी राहिले. बाबांनी सिगरेट पाठीमागे नेली. "तू बस, तू बस," ते म्हणाले, "मी नंतर येतो." जणू बाथरूममध्ये कोणीतरी होतं. मला इतकं हसू आलं की ठसका लागला, आणि मग तेही हसले आणि हसता हसता खोकू लागले. खोकला थांबेना. मी त्यांना खुर्चीत बसवलं, पाणी आणलं. डोळ्यांतलं पाणी पुसत त्यांनी विचारलं, "ते काय आहे गं? आंब्याचा वास येतोय."

तिथून सुरुवात झाली. शनिवारी मी त्यांना हाय स्ट्रीटवरच्या व्हेपच्या दुकानात घेऊन गेले. मालक इथेच जन्मलेला गुजराती. बाबांना सगळ्यात आवडला तो डिस्पोजेबल. पेनाएवढा, न भरायचा, न चार्ज करायचा, संपला की टाकायचा. हे त्यांना त्यांच्या सुट्या सिगरेटीसारखं वाटलं. आपण काही व्हेपवाले नाही, फक्त एक घेतलाय. जुलाब झाल्यावर गोळी घ्यावी तसा. पण दुकानदार म्हणाला, "अंकल, जूनपासून हे बंद. बॅन. मुलं शाळेत घेऊन जातात, रस्त्यावर फेकतात."

त्यात खोटं काही नव्हतं. आमच्या बसस्टॉपजवळच्या गवतात गुलाबी-निळ्या नळ्या पडलेल्या असायच्या आणि शेजारची शाळकरी पोरगी कलिंगडाच्या वासाने घमघमत बसमध्ये चढायची. माझी स्वतःची मुलगी असती तर मीच बंदी मागायला मोर्चा काढला असता. पण पोरांना थांबवायला लावलेलं दार म्हाताऱ्याच्या तोंडावर आपटलं की चीड येतेच.

मग आला भरायचा व्हेप. त्याची चार्जिंगची वायर, लिक्विड तापवणारी, अधूनमधून बदलायची कॉइल, लिक्विडची बाटली. बाटली डोळ्यांत घालायच्या औषधाएवढी, कारण निकोटिनची बाटली त्याहून मोठी असू नये असा नियम. बाबांनी चष्मा लावून तिच्यावरची बारीक अक्षरं वाचली. "नियम करणाऱ्याने कधी भरून पाहिलंय का हे?" ते म्हणाले. "मीही काढलेत गं असले नियम. कालव्यावर न जाता." पहिल्या दिवशी लिक्विड लेंग्यावर सांडलं, दुसऱ्या दिवशी कॉइल जळली आणि जळक्या कापसाची चव तोंडभर पसरली. चिडून ते पाकिटाकडे वळले. मी पाकीट घेतलं आणि नळाखाली धरलं. सासऱ्यांवर आवाज चढवण्याची माझी ती पहिली वेळ. "बाबा, सिलिंडर ओढत फिरायचंय का घरभर?" ते उठून वर गेले. जेवायला मात्र आले.

आणि मग ते जमलं. कसं जमलं ते मला नेमकं सांगता येणार नाही. जुलैत ते स्वतः कॉइल बदलू लागले, स्क्रू-ड्रायव्हर लागत नसतानाही शेजारी घेऊन बसत. चहा झाला की आम्ही दोघं शेडमध्ये. त्यांच्यासाठी मी आणखी एक खुर्ची आणली. मी ऑफिसातल्या मॅनेजरच्या नावाने बोटं मोडायची, ते सासूबाईंबद्दल बोलायचे. सासूबाईंबद्दल ते नवऱ्याशी कधी बोलले नाहीत, हे मला तिथे कळलं. ऑगस्टमध्ये एक दिवस मी भाजी चिरत होते आणि बाबा वर गेले. सवयीने मी जिन्यातला थांबा ऐकायला कान लावला. थांबा आलाच नाही. सरळ वर, आणि वरून हाक, "माझा चष्मा खाली राहिला का गं?" मी सुरी ठेवून रडले. कांदा नव्हता, कोबी होता, त्यामुळे नवऱ्यासमोर सबबही नव्हती.

त्याच सुमाराला दुकानदाराने सांगितलं की पुढच्या वर्षी लिक्विडवर वेगळा कर येतोय. निकोटिन असो की नसो, प्रत्येक बाटलीवर. "निकोटिन नसलं तरी?" बाबांनी विचारलं. "म्हणजे नुसत्या वाफेवर?" दुकानदाराने खांदे उडवले. सिगरेटवरचाही वाढवणार आहेत म्हणे, दोन्हींच्या किमतीत फरक राहावा म्हणून. मला त्या फरकाचं कौतुक वाटेना. ज्या सरकारने माझ्या हातात ही नळी देऊन पाठ थोपटली, तेच आता नळीकडे बघून भुवया उंचावतंय. आंब्याचा, पुदिन्याचा स्वादही काढून टाकायचं चाललंय, असंही तो म्हणाला. तंबाखूच्या चवीचं तेवढं राहील. ज्या चवीपासून आम्ही पळून आलो, तीच.

पण मी ओरडून ओरडून काय ओरडणार? मला निदान इथे राहायचं होतं. कर भरीन, कुरकुरीन, भरीन. बाबांचा व्हिसा ऑक्टोबरात संपत होता. आणि भारतात व्हेपला साफ बंदी. आणणं, विकणं, साठवून ठेवणं, सगळं गुन्हा. सिगरेट मात्र सोसायटीच्या गेटासमोर, सुटी, काडीसकट.

सप्टेंबरभर मी वाटा शोधत होते. व्हिसा वाढत नाही. आईवडिलांना कायमचं आणण्याचा रस्ता कागदावर आहे, पण वकील म्हणाली की नादी लागू नका. निकोटिनचं च्युइंगम आणलं, ते बाबांच्या कवळीला चिकटलं आणि कवळी हातात आली. पॅचने दंडावर लाल चट्टे उठले. चघळायच्या गोळ्यांनी उचक्या लागल्या. नवरा म्हणाला, "पुण्यात कॉलेजच्या पोरांना मिळतात व्हेप, ब्लॅकने." बाबांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो उठून गाडी धुवायला गेला.  मीच त्यांना एका सवयीतून काढून दुसऱ्या सवयीत आणून उभं केलं होतं, आणि त्या दुसऱ्या सवयीला त्यांच्या गावात जागाच नव्हती. दोन देश, दोन्हीकडे लोकांच्या तब्येतीची काळजी वाहणारी सरकारं, आणि आम्ही मधे कात्रीत सापडलेलो.

निघायच्या दिवशी मी एक उद्योग केला. त्यांच्या इन्हेलरच्या पाऊचमध्ये, इन्हेलरच्या खाली, व्हेप आणि दोन बाटल्या ठेवल्या. औषधांत कोण हात घालतंय, असा विचार. धरलं तर म्हाताऱ्या माणसाला दम देऊन सोडतील, असाही. मी आयुष्यात रांग मोडलेली नाही, पण त्या सकाळी मी पाऊचची चेन सरळ ओढून बंद केली.

हीथ्रो विमानतळावर नवरा गाडी लावायला गेला. आम्ही दोघं ट्रॉलीशेजारी बसलो. बाबांनी पाऊच उघडलं, आत पाहिलं, आणि काही न विचारता व्हेप आणि बाटल्या काढून माझ्या मांडीवर ठेवल्या.

"बाबा, असू द्या ना."

"सरकारी पेन्शन खातो मी, सूनबाई."

"सरकार तुमची फुप्फुसं भरून देणार आहे का?"

"नाही देणार." ते माझ्या मांडीवरच्या व्हेपकडे बघत राहिले. "पण विमानतळावर माझी बॅग उघडली आणि पोरासारखं मला उभं केलं, तर मला ते सोसणार नाही. सिगरेट सोडेन मी. सोडलीच आहे की."

मी त्यांच्यावर विश्वास ठेवला. दुसरं काही ठेवायला माझ्याकडे नव्हतं. नवरा आला, नमस्कार झाले, बाबा ट्रॉली ढकलत आत गेले. न थांबता गेले, हे मी पाहिलं.

पहिला आठवडा ते फोनवर चिडचिडे होते, ते मला चांगलं लक्षण वाटलं. दुसऱ्या आठवड्यात आवाज निवळला आणि मला धडकी भरली. व्हिडिओवर फक्त चेहरा दाखवायचे, कॅमेरा अगदी जवळ धरून. मागे बाल्कनीचे गज. मध्येच नजर एका बाजूला जायची. खोकला आला की म्हणायचे, "दिवाळी जवळ आली, फटाक्यांचा धूर." नवरा मान डोलवायचा. मी त्यांना काही विचारत नव्हते, कारण विचारलं की उत्तर येणार होतं.

काल शेवटी मी शेडमधून एकटीनेच व्हिडिओ कॉल लावला. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या. मग मी म्हटलं, "बाबा, उजवा हात दाखवा."

 या माणसाने माझ्यासमोर कधी सिगरेट ओढली नव्हती. शेडमध्ये पहिल्या दिवशी पाठीमागे नेली होती, आणि नंतर तर आम्ही फक्त वाफ सोडली होती. हळूच हात वर आला. बोटांत सिगरेट, अर्धी झालेली. त्यांनी ती लपवली नाही. माझ्याकडे बघत एक झुरका घेतला, धूर बाजूला सोडला, आणि मग बराच वेळ खोकत राहिले. 

"आता काय करू ते सांग," ते म्हणाले. त्यात राग नव्हता. खरोखरच विचारत होते, कॉइल कशी बसवायची विचारायचे तसे. "तू सांगशील ते करतो."

सहा महिने प्रत्येक गोष्ट मीच त्यांना सांगितली होती. माझ्या मुठीत माझा व्हेप गरम होता. मी तो खुर्चीखाली सरकवला.

"आत बसा बाबा," मी म्हटलं, "थंडी असेल बाहेर."

"थंडी कुठली गं इकडे," बाबा म्हणाले, आणि पुन्हा खोकू लागले.