देव्हाऱ्यामागची डबी

आमच्या बुधीला, म्हणजे आमच्या मांजरीला, विष मी घातलं. उंदरांसाठी ठेवलं होतं, तिच्यासाठी नव्हे, हे खरं. पण गेली तीन वर्षं मी स्वतःला हेच ऐकवत आलो आणि त्याने काही हलकं वाटलेलं नाही. घरात हे कुणाला ठाऊक नाही, गावात कुणाला ठाऊक नाही. उलट गावात माझं नाव निघतं ते मुक्या जिवासाठी पारायण सोडणारा माणूस म्हणून, आणि तेही कौतुकाने. दत्तमहाराजांनी त्या दिवशी जे केलं ते त्या खोट्या कौतुकाच्या आड राहू नये, म्हणून आज पन्नाशी उलटल्यावर जसं घडलं तसं लिहितो आहे.

आमचं गाव तापीकाठी, सारंगखेड्यापासून चालत तासाभरावर. मी शाळेत कारकून, जोडीला थोडी शेती. मुलगी लग्न होऊन गेल्यावर घरात आम्ही दोघंच राहिलो. बायको माळकरी. ढेकूण सापडला तरी ती कागदावर घेऊन बाहेर सोडणार, अशी. एका बुधवारी पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या, ढिगात तिला हे पिल्लू सापडलं, म्हणून ते बुधी. मला मांजराची फारशी माया नव्हती. ‘तुन्ही मांजर’, तुझी मांजर, असंच मी बायकोला म्हणायचो. बुधीला सगळं घर मोकळं होतं, देवघर सोडून. तिथे माझा कायदा चाले. मार्गशीर्षात दत्तजयंतीच्या आधीचा पारायणाचा सप्ताह मी वीस-बावीस वर्षं चुकवला नव्हता. सोवळं, एकभुक्त, भुईवर झोपणं, एकदा पाटावर बसलो की त्या दिवसाचे अध्याय संपेपर्यंत न उठणं. लोक ‘पोथीवाले’ म्हणत. मला ते आवडायचं. किती आवडायचं, ते मला नंतर कळलं.

त्या वर्षी सप्ताहाला बसायच्या आदल्या दिवशी पोथीचं बासन सोडलं आणि पाहतो तर कडेची पानं उंदरांनी कुरतडलेली. माझं डोकं फिरलं. बायकोला सांगितलं असतं तर तिने पिंजरा आणवला असता, उंदीर धरून नाल्यापलीकडे सोडला असता. मला तेवढा धीर नव्हता. त्याच दिवशी कामाने नंदुरबारला गेलो, तिथून उंदराच्या निळ्या वड्या घेतल्या. अष्टगंधाच्या रिकाम्या डबीत घातल्या आणि डबी देव्हाऱ्याच्या मागे सरकवली, कारण तिथे माझ्याशिवाय कुणाचा हात जात नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच देव्हाऱ्यापुढे बसून मी सगळ्या जीवमात्रांचं कल्याण व्हावं म्हणून संकल्प सोडला. मनात काहीसुद्धा आलं नाही.

पाचव्या दिवशी बुधी खाईना. कोपऱ्यात जाऊन बसली, नाकाशी दूध नेलं तरी तोंड फिरवी. बायकोने तिला उचलून गावच्या जनावरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर सारंगखेड्याला, दत्तजयंतीच्या यात्रेतल्या बाजारासाठी उतरलेल्या घोड्यांच्या तपासणीवर गेलेले. तिथल्या माणसाने विचारलं, काही विषारी खाल्लंय का? बायकोने ठासून सांगितलं, “आमना घरमा औषध-बिषध काही नही. माळकरी घर शे.” त्याने तापाची सुई टोचली आणि पाठवून दिलं. हे सगळं ती मला पाटापाशी उभी राहून सांगत होती आणि मी पोथीत बोट धरून ऐकत होतो. तेव्हाच मला कळलं होतं. मी मान हलवली आणि पुढची ओवी वाचायला घेतली. उंदराने खाल्लं असेल आणि उंदीर हिने खाल्ला असेल, इतका हिशेब मला बसल्या जागी जमला. तोंड उघडणं तेवढं जमलं नाही.

सहाव्या दिवशी सकाळी मी वाचत असताना बुधी देवघरात आली. कधी येत नसे ती आली. चालताना मागचे पाय फरफटत होते. पाटाशी येऊन तिने पोथीखालच्या पांढऱ्या वस्त्रावर हनुवटी टेकली आणि माझ्याकडे पाहिलं. मला आलेला पहिला विचार सांगतो, कारण आता काही लपवायचं नाही. मला वाटलं, सोवळं मोडलं. मग तिने मान जरा हलवली, तेव्हा वस्त्रावर लाल डाग दिसला. हिरड्यांतून रक्त येत होतं.

दारातून बायको ओरडली, “अहो, तिना तोंडमाईन रगत ई ऱ्हायनं! मी लई जास तिले, तुमी वाचा.”

मला वाचत ठेवून ती एकटीच बुधीला न्यायला निघाली होती. मी समोरच्या दत्तमहाराजांच्या तसबिरीकडे पाहिलं. इतकी वर्षं पाहत आलो, पण त्या दिवशी नजर महाराजांच्या मुखाकडे गेली नाही, पायांकडे गेली. पायाशी कुत्री बसलेली, मागे गाय उभी. ज्यांना मी रोज नमस्कार करतो ते सगळे जीव जवळ घेऊन उभे आहेत, आणि मी एका जिवाला बाजूला सारून त्यांचीच स्तुती वाचतो आहे. अध्याय अर्धाच झाला होता. मी उठलो. देव्हाऱ्यामागे हात घालून डबी काढली आणि बंडीच्या खिशात घातली. बायकोला वाटलं, अंगारा घेतला असेल.

“अहो, तुमी उठनात?” ती म्हणाली. मी म्हटलं, तू दिवा सांभाळ, मी जातो.

डॉक्टर भेटणार ते सारंगखेड्यालाच. मोटारसायकलच्या पुढे टोपली बांधली, बुधीला तिच्यात ठेवलं, वर लुगड्याचा तुकडा टाकला आणि निघालो. यात्रेला अजून दोन दिवस होते, पण घोडे उतरलेले, त्यांच्या मालमोटारी रस्ताभर उभ्या. फाट्यावरच गाड्या अडवल्या होत्या, मोटारसायकल तिथेच लावली. टोपली छातीशी धरून मी गर्दीत शिरलो आणि अडकलो. चहूबाजूंनी माणसं, धूळ, भोंगे. पुढे सरकता येईना, मागे वळता येईना. कापडाखाली बुधीचा श्वास जोरजोरात चाललेला हाताला लागत होता. मी महाराजांना हाक मारली. काही मागितलं नाही. काय तोंडाने मागणार? नुसतं म्हटलं, मी केलंय हे, आता तुम्ही बघा.

तेवढ्यात बाजूने कुणीतरी म्हणालं, “दादा, टोपलीमा काय शे?”

पांढरी दाढी, डोक्यावर जाळीची टोपी, कमरेला चामड्याचा पट्टा, आणि हातात एका उंच काळ्या घोडीचा लगाम. मी कापड वर केलं. म्हातारबाबांनी बोटाने बुधीचा ओठ हळूच उचलून पाहिला, जनावरांची सवय असलेल्या माणसाने पाहावा तसा.

“या अल्ला, हाई ते पांढरी पडी गई. डॉक्टरीणबाई त्या टोकले शे, घोडासना मांगे. असं जाशात ते संध्याकाळ व्हई. मन्हा मांगे चाला.”

त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढून धूळ जाऊ नये म्हणून टोपलीवर टाकलं आणि घोडी पुढे घातली. माझ्यासाठी जी गर्दी बोटभर हलली नव्हती, ती त्या घोडीपुढे आपोआप फाकली. मी शेपटीमागून चालत राहिलो. वाटेत विचारलं तेव्हा एवढंच कळलं की ते नंदुरबारचे नालबंद, नाल ठोकून झालेली घोडी मालकाकडे पोचवायला निघालेले. तपासणीच्या मंडपाशी घोड्यांची रांग लागली होती. रांगेतला एकजण हसून म्हणाला, “काय चाचा, आते मांजरले बी नाल ठोकनी शे का?”

“ठोकनी शे ना,” म्हातारबाबा म्हणाले, “पन पहिले तुले ठोकसू. बाजू व्हय!”

सगळे हसले आणि बाजूला झाले. मी टोपली टेबलावर ठेवून मागे वळेपर्यंत ते घोडी घेऊन गेलेही होते. उपरणं माझ्याकडेच राहिलं. दुसऱ्या दिवशी शोधलं, पुढच्या वर्षी नालबंदांच्या पालापालावर विचारलं, पण भेटले नाहीत. मी यातून काही सिद्ध करत नाही. नंदुरबारात नालबंद आहेत, त्यांपैकी एक असतील. मला फक्त इतकं माहीत आहे, की मी हाक मारली आणि ते बोलले, यांच्यात एका श्वासाचंही अंतर नव्हतं.

डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्या वयाच्या. पहाटेपासून घोडे तपासत होत्या, बाह्या कोपरापर्यंत मळलेल्या. पण मांजर पाहून कपाळाला आठी नाही. हात धुतले, टेबलाशी गुडघे टेकून बसल्या आणि बुधीशी आधी बोलल्या, मग माझ्याशी. मांडीवरचे केस बाजूला केले तर आदल्या दिवशी सुई टोचली होती तिथे जांभळा फुगा आलेला.

“सुईच्या जागी एवढं रक्त जमलंय. हे तापाने होत नाही,” त्या म्हणाल्या. “काका, खरं सांगा. मला रागवायला वेळ नाही आणि तुम्हाला लाजायलाही नाही. उंदराचं औषध?”

मी खिशातून अष्टगंधाची डबी काढून टेबलावर ठेवली. म्हटलं, मी ठेवलं होतं. देव्हाऱ्यामागे. घरात कुणाला माहीत नाही.

त्यांनी झाकण उघडलं, निळी वडी पाहिली. मला वाटलं आता काहीतरी बोलतील. त्या म्हणाल्या, “बरं केलंत, आणलंत. यावर औषध आहे.” आणि पेटीत हात घातला. आयुष्यात माझ्या गुन्ह्याचं इतकं साधं उत्तर मला कुणी दिलं नव्हतं. रक्त गोठायला मदत करणारं इंजेक्शन त्यांच्याकडे घोड्यांसाठी आणलेलं होतं. बुधीच्या वजनाचं माप काढून त्यांनी अगदी थोडंसं, बारीक सुईने दिलं आणि सुईच्या जागी अंगठा दाबून कितीतरी वेळ तशाच बसून राहिल्या. बाहेर घोडेवाले कुरकुरत होते. त्या म्हणाल्या, “थांबा दोन मिनिटं, तुमचे घोडे उभे आहेत, ही पडलीय.” संध्याकाळपर्यंत मला मंडपातच बसवून घेतलं. मधूनमधून येऊन हिरडी पाहत. उन्हं कलताना बुधीने त्यांच्या बोटावरचं पाणी चाटलं. तेव्हा कुठे त्या म्हणाल्या, “आता घरी न्या. महिनाभर गोळी चुकवायची नाही, उडी मारू द्यायची नाही. आणि काका, ते सगळं नीट गोळा करून पुरा. घरी सांगा.”

वड्या मी पुरल्या. घरी सांगितलं नाही.

घरी आलो तर दिवा तेवत होता आणि बायको सकाळपासून उपाशी त्याच्यापुढे बसलेली. पुढचा महिना तिने जो सांभाळ केला तो मी कधी विसरणार नाही. बुधीने उडी मारू नये म्हणून तिने ओट्यावरच्या, कोनाड्यातल्या सगळ्या जागा भांडी उपडी घालून अडवल्या आणि स्वतः तिच्याशेजारी भुईवर झोपली. गोळी कुटून सायीत घालून देण्याचं काम मी मागून घेतलं. माझी पोथीची वेळ ती गोळीची वेळ झाली. बुधी माझं बोट चाटायची तेव्हा मला कळायचं, की इतकी वर्षं मी नेम घट्ट धरला होता, महाराजांना नव्हे. हातातलं सोडलं तेव्हाच त्यांनी हात धरला. बुधी आजही आहे. मी हे लिहितो आहे आणि ती कागदावर बसायला बघते आहे.

पण कृपा झाली म्हणून माणूस लगेच सुधारतो असं नाही. त्या संध्याकाळी बायकोने विचारलं, काय झालं होतं तिला? मी म्हटलं, विषबाधा. बाहेर कुठेतरी खाल्लं असेल. माझ्या या ‘बाहेर’चा अर्थ तिने लावला. शेजारच्या वत्सलाबाई शेळ्या पाळतात. बुधीने त्यांचं दूध सांडलं की भिंतीवरून ओरडायच्या, “एक दिन औषध घालसू तुन्ही मांजरले!” बायकोने त्यांच्याशी बोलणं टाकलं. दत्तजयंतीच्या प्रसादाला देवळातल्या बुवांनी चारचौघांत मला पुढे बोलावून हार घातला, म्हणाले, यांनी जीव वाचवायला पोथी सोडली. मी मान खाली घातली, लोकांनी त्याला नम्रता मानलं. आणि पलीकडे बायकांच्या रांगेत वत्सलाबाई एकट्या बसल्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्या दाराशी आल्या. बायकोला म्हणाल्या, “मी तोंडनी फाटकी शे माय, हातनी नही.” बायकोने मान वर केली नाही. मी आतल्या खोलीत होतो. सगळं ऐकलं आणि आतच राहिलो. गेल्या वर्षी बायको तापाने पडली, तेव्हा त्याच वत्सलाबाईंनी न बोलता उंबऱ्यावर शेळीचं दूध आणून ठेवलं. बायकोने ते माझ्या हाती परत पाठवलं. मी नेऊन दिलं. त्यांनी तांब्या घेतला आणि विचारलं, “ताप उतरना का तिना?”

अशा माणसाला मी तीन वर्षं गुन्हेगार ठरू दिलं.

महाराजांनी माझ्यासाठी गर्दी फाकवली, औषध ठेवलं, जीव परत दिला. त्यांच्यापुढे मी रडलो आहे, आणि अर्ध्यात राहिलेल्या अध्यायाबद्दल त्यांनी मला रागावल्याचं कधी जाणवलं नाही. पण ज्यांच्यावर आळ आला त्यांची माफी महाराजांकडे मागून मिळणारी नाही. हे लिखाण छापून आलं तर बायको ते वाचेल. त्याआधी मी स्वतः तिला सांगणार आहे, आणि मग आम्ही दोघांनी शेजारच्या दाराशी जायचं आहे. अजून सांगितलेलं नाही. वत्सलाबाईंची माफी मागणं माझ्याकडे बाकी आहे.